लिनक्सचा कर्नल नवा घ्यावा की जुनाच ठेवावा? व्हर्जनच्या आकड्यांमागचं गणित समजून घ्या

९ डिसेंबर २०२३. ‘डेबियन’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचं १२.३ हे अपडेट त्या दिवशी येणार होतं. तयारी झाली होती, काही सर्व्हरवर फाइल्स पोहोचल्याही होत्या. आणि ऐनवेळी डेबियनच्या टीमने सगळं थांबवलं. सध्या कोणीही आपली सिस्टीम अपडेट करू नका, ज्यांच्याकडे आपोआप अपडेट होतं त्यांनी विशेष काळजी घ्या, असं त्यांना जाहीर करावं लागलं.

कारण होतं ६.१.६४ हा आकडा. त्या अपडेटमध्ये लिनक्स कर्नलचं हे व्हर्जन होतं आणि त्यातल्या एका दोषामुळे डिस्कवरच्या फाइल्स खराब होण्याचा धोका होता. दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह डेबियन १२.४ आलं. १२.३ हा आकडा डेबियनने सोडूनच दिला.

यातली गंमत अशी की ६.१ हा काही कालपरवाचा, कच्चा कर्नल नव्हता. तो ‘लाँग टर्म’ म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा, सगळ्यात भरवशाचा समजला जाणारा कर्नल होता. मग भरवसा ठेवायचा तरी कशावर? सगळ्यात नव्या कर्नलवर? जुन्यावर? की अपडेटच करायचं नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. त्यानंतर जुना लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स टाकायचा विचार करणाऱ्यांसमोर हा प्रश्न आज ना उद्या येतोच. त्याचं उत्तर समजून घेऊया.

कर्नल म्हणजे नेमकं काय?

कर्नल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लष्करी गणवेश येतो. इथला कर्नल वेगळा. स्पेलिंगही वेगळं. बीमधला गर, आतला गाभा या अर्थाचा हा शब्द आहे.

कॉम्प्युटरमध्ये एका बाजूला हार्डवेअर असतं: प्रोसेसर, रॅम, डिस्क, वाय-फाय, स्क्रीन. दुसऱ्या बाजूला तुम्ही वापरता ते ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, ऑफिस असे प्रोग्रॅम. यांच्या मधे उभा असतो तो कर्नल. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, रॅममधली जागा कुणाला द्यायची, डिस्कवर फाइल कशी लिहायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, हे सगळं तो ठरवतो.

म्हणूनच ब्राउझरमध्ये दोष असेल तर ब्राउझर बंद पडतो. कर्नलमध्ये दोष असेल तर अख्खं मशीन बंद पडू शकतं, डेटा जाऊ शकतो किंवा कुणीतरी परका त्या मशीनचा मालक होऊन बसू शकतो.

आणखी एक गोष्ट. काटेकोर अर्थाने ‘लिनक्स’ हे फक्त या कर्नलचं नाव आहे. हेलसिंकी विद्यापीठातला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट हे त्या कर्नलभोवती बाकीचं सामान रचून तयार केलेले संच आहेत. त्यांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

६.१.६४ हा आकडा वाचायचा कसा?

यात तीन भाग आहेत.

पहिला आकडा, म्हणजे ६. बहुतेक लोक यालाच सगळ्यात जास्त महत्त्व देतात आणि खरं तर त्याला सगळ्यात कमी महत्त्व आहे. ३.० आला २०११ मध्ये, ४.० आला २०१५ मध्ये, ५.० आला २०१९ मध्ये आणि ६.० आला २०२२ मध्ये. यातल्या कोणत्याही वेळी कर्नल नव्याने लिहिला गेला नव्हता. मधला आकडा फार मोठा व्हायला लागला की टोरवाल्ड्स पहिला आकडा एकने वाढवतात, इतकंच. त्यामुळे पहिला आकडा बदलला म्हणून ‘महाबदल’ झाल्याची पोस्ट दिसली तर शांतपणे पुढे स्क्रोल करा.

दुसरा आकडा, म्हणजे १. हा बदलला की नवं व्हर्जन आलं. नवे ड्रायव्हर, नव्या सोयी यातून येतात.

तिसरा आकडा, म्हणजे ६४. हे दुरुस्त्यांचे हप्ते. यात नव्या सोयी देणं अपेक्षित नसतं. सापडलेले दोष आणि सुरक्षेतल्या फटी बुजवणं हेच काम. सुरक्षेच्या दृष्टीने बघायचं तर तुमचा जीव या तिसऱ्या आकड्यात अडकलेला असतो.

नवा कर्नल तयार कसा होतो?

साधारण दर ९ ते १० आठवड्यांनी कर्नलचं नवं व्हर्जन येतं. त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. पहिले दोन आठवडे जगभरातून आलेले बदल टोरवाल्ड्स स्वीकारतात. मग दार बंद. त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती येते. तिला ‘आरसी’ म्हणजे रिलीज कँडिडेट म्हणतात. आरसी-७ किंवा आरसी-८ पर्यंत दोष निवळले की अंतिम व्हर्जन जाहीर होतं.

त्यानंतर ते व्हर्जन ‘स्टेबल’ गटात जातं. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन हे दोघं या गटाची मुख्य जबाबदारी सांभाळतात. पुढच्या व्हर्जनमध्ये झालेल्या दुरुस्त्या निवडून मागच्या व्हर्जनमध्ये आणून बसवणं हे त्यांचं काम. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात.

पण साधं स्टेबल व्हर्जन फार काळ जगत नाही. पुढचं व्हर्जन आलं की थोड्याच आठवड्यांत मागच्याला दुरुस्त्या मिळणं बंद होतं. उदाहरणार्थ, ६.८ हा कर्नल मार्च २०२४ मध्ये आला आणि मे २०२४ मध्येच मूळ टीमने त्याचं काम थांबवलं.

दर वर्षी यातलं एक व्हर्जन मात्र ‘एलटीएस’ म्हणजे लाँग टर्म सपोर्टसाठी निवडलं जातं. सहसा वर्षाच्या अखेरीस येणारं. ५.१० (डिसेंबर २०२०), ६.१ (डिसेंबर २०२२), ६.६ (ऑक्टोबर २०२३), ६.१२ (नोव्हेंबर २०२४) ही या यादीतली नावं. यांना वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळत राहतात.

किती वर्षं, हा वादाचा विषय आहे. आधी दोन वर्षं ठरलेली होती. २०१७ मध्ये मुख्यतः अँड्रॉइड फोनचा विचार करून ती सहापर्यंत नेली गेली. २०२३ मध्ये नव्या एलटीएस कर्नलसाठी पुन्हा दोन वर्षं हाच पाया धरायचं ठरलं. जुने कर्नल वापरणारे थोडे आणि ते सांभाळणाऱ्या मोजक्या माणसांवर ताण फार, हे त्यामागचं कारण. गरज असेल आणि सांभाळणारे हात मिळाले तर मुदत वाढवली जाते. तारखा बदलू शकतात, त्यामुळे त्या कर्नलच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासून घेणं उत्तम.

आरसी, स्टेबल, एलटीएस: कुठेच शंभर टक्के खात्री नाही

तिन्ही गटांत काय बिघडू शकतं, याची तीन खरी उदाहरणं बघा.

आरसी: मार्च २०२१ मध्ये ५.१२ च्या पहिल्याच चाचणी आवृत्तीत असा दोष निघाला की स्वॅप फाइल वापरणाऱ्यांच्या डिस्कवरचा डेटा उद्ध्वस्त होऊ शकत होता. रॅम कमी पडली की कर्नल डिस्कवरची थोडी जागा उसनी वापरतो, ती स्वॅप. इथे कर्नल चुकीच्या जागी लिहीत होता. टोरवाल्ड्स यांनी त्या आवृत्तीच्या नावापुढेच ‘डोंट यूज’ अशी शेपटी जोडली.

स्टेबल: सप्टेंबर २०२२ च्या शेवटी ५.१९.१२ आला आणि इंटेल ग्राफिक्स असलेल्या काही लॅपटॉपच्या स्क्रीन पांढऱ्या रंगात लुकलुकायला लागल्या. स्क्रीनला वीज कधी द्यायची, कधी तोडायची याच्या वेळा चुकत होत्या. त्याने पॅनेलला इजा होऊ शकते, असं इंटेलच्या इंजिनिअरने सांगितलं. काही दिवसांत ५.१९.१३ मध्ये तो बदल मागे घेण्यात आला.

एलटीएस: वर सांगितलेला ६.१.६४. नव्या कर्नलमधली ईएक्सटी४ फाइल सिस्टीमची एक दुरुस्ती मागे ६.१ मध्ये आणली गेली. पण ती ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होती, तो बदल ६.१ मध्ये नव्हता. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावल्यासारखं झालं.

यातून काय दिसतं? आरसीमध्ये दोष असणारच, कारण ते शोधण्यासाठीच ती असते. स्टेबलमध्ये कमी. एलटीएसमध्ये आणखी कमी, पण शून्य नाही. म्हणजे ‘कोणता कर्नल निर्दोष आहे’ हा प्रश्नच चुकीचा. ‘दोष निघाला तर तो माझ्या मशीनपर्यंत पोहोचण्याआधी कोण अडवणार आणि किती लवकर दुरुस्त करणार’ हा खरा प्रश्न. डेबियनच्या बाबतीत ते काम त्यांच्या टीमने केलं आणि एका दिवसात केलं.

मग डिस्ट्रोचा कर्नल वेगळा असतो का?

हो. आणि इथेच सोशल मीडियावरचे बहुतेक वाद सुरू होतात.

उबंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं ते ६.८ कर्नल घेऊन. मूळ टीमने ६.८ ला मे २०२४ मध्ये निरोप दिला. म्हणजे उबंटूचे वापरकर्ते तेव्हापासून वाऱ्यावर? अजिबात नाही. उबंटू बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी त्या ६.८ ला स्वतः सांभाळते, स्वतः दुरुस्त्या बसवते.

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ तर ५.१४ वर आहे. मूळ ५.१४ ऑगस्ट २०२१ चा. पण रेड हॅटचे इंजिनिअर त्यात नंतरच्या व्हर्जनमधल्या इतक्या दुरुस्त्या आणि ड्रायव्हर आणत राहतात की नाव जुनं आणि आतला माल बराच नवा, अशी स्थिती होते. जुन्या वाड्याचं नाव तेच, आतलं वायरिंग, नळ, छप्पर बदललेलं. असा कर्नल नुसत्या आकड्यावरून ‘जुनाट’ ठरवला तर फसगत होते.

डेबियनमध्ये आणखी एक गोंधळ आहे. कर्नलचं व्हर्जन सांगणारी कमांड चालवली की ‘६.१.०-१४’ असं दिसतं. लोकांना वाटतं तिसरा आकडा शून्य, म्हणजे एकही दुरुस्ती नाही. प्रत्यक्षात तो डेबियनने दिलेला पॅकेजचा क्रमांक आहे. ६.१.०-१४ च्या आत तोच बिघडलेला ६.१.६४ होता आणि ६.१.०-१५ च्या आत दुरुस्त केलेला ६.१.६६. उबंटूतही ‘६.८.०’ च्या पुढचा आकडा असाच उबंटूचा स्वतःचा असतो.

तुमचा आकडा बघायचा असेल तर टर्मिनल उघडा आणि ‘युनेम -आर’ ही कमांड टाइप करा. इंग्रजी लहान अक्षरांत यू-एन-ए-एम-ई, मग एक जागा, डॅश आणि आर. डेबियनमध्ये आतला खरा आकडा हवा असेल तर ‘आर’च्या जागी ‘व्ही’ टाका.

नवा कर्नल कधी घ्यावा?

सोपं उत्तर: तुमच्या डिस्ट्रोने दिलेला कर्नल नीट चालत असेल तर तोच ठेवा आणि त्याची अपडेट्स घेत राहा. नव्या कर्नलकडे जाण्यासाठी ठोस कारण हवं. अशी कारणं साधारण तीन असतात.

पहिलं, हार्डवेअर नवं आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. त्यामुळे लॅपटॉप यंदाचा आणि कर्नल तीन वर्षांपूर्वीचा असेल तर वाय-फाय न दिसणं, आवाज न येणं, झाकण मिटून उघडल्यावर मशीन न जागणं हे प्रकार होतात. इंटेलची आर्क ए-सीरिज ग्राफिक्स कार्डं हे ठळक उदाहरण. त्यांचा सपोर्ट कोणतीही खटपट न करता आपोआप चालू झाला तो ६.२ पासून.

दुसरं, एखादी ठराविक सोय हवी आहे. विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचण्या-लिहिण्यासाठी पॅरागॉन कंपनीने दिलेला नवा ड्रायव्हर ५.१५ मध्ये आला. यंत्रमानव, ऑडिओ स्टुडिओ अशा ठिकाणी लागणारी ‘रिअल टाइम’ सोय वर्षानुवर्षं कर्नलबाहेर वेगळी सांभाळली जात होती, ती ६.१२ मध्ये मूळ कर्नलमध्ये आली.

तिसरं, तुमच्या सध्याच्या व्हर्जनमध्ये असलेला दोष पुढच्या व्हर्जनमध्येच दुरुस्त झाला आहे.

‘फोनवर सगळ्यात नवं हवं’ ही सवय हे मात्र कारण नव्हे. लॅपटॉप चार-पाच वर्षं जुना असेल तर नव्या कर्नलने तो एकदम पळायला लागेल, ही अपेक्षाही फारशी पुरी होत नाही. त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये केव्हाच आलेले असतात.

नवा हवाच असेल तर तो आणायचा कुठून?

डिस्ट्रोच्याच दारातून.

उबंटूच्या एलटीएस आवृत्तीत ‘एचडब्ल्यूई’ नावाची सोय असते. नव्या हार्डवेअरसाठी ठराविक काळाने पुढचा कर्नल दिला जातो. उबंटू २४.०४ मध्ये असाच ६.८ नंतर ६.११ आणि मग ६.१४ आला. डेस्कटॉपवर ही सोय सहसा आपोआप चालू असते. सर्व्हरवर मूळ कर्नल कायम राहतो, कारण सर्व्हरला अचानक बदल सोसत नाहीत. डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’ नावाचं वेगळं भांडार आहे. आर्च लिनक्समध्ये नेहमीचा ताजा कर्नल आणि एलटीएस कर्नल दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि तसं ठेवणं शहाणपणाचं.

यूट्यूबवर अनेक व्हिडिओंमध्ये उबंटूचे ‘मेनलाइन’ कर्नल उतरवून घ्यायला सांगतात. ते कॅनॉनिकलनेच बनवलेले असतात, पण चाचणीसाठी. ‘हा दोष मूळ कर्नलमध्येही आहे का’ हे तपासायला. त्यांना सुरक्षा अपडेट्स आपोआप मिळत नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर ते सुरू होण्यातही अडचण येते. म्हणजे आज सगळ्यात नवा म्हणून घेतलेला कर्नल सहा महिन्यांनी कोणी न सांभाळलेला होतो आणि मालकाला पत्ताही नसतो.

अपडेट केलंच नाही तर?

‘चालतंय ना, मग कशाला हात लावा?’ हा विचार पंख्याच्या बाबतीत ठीक आहे. कर्नलच्या बाबतीत तो महागात पडतो.

एप्रिल २०२१ मध्ये एका वेब होस्टिंग सेवेतल्या ग्राहकाने तक्रार केली की उतरवून घेतलेली लॉग फाइल उघडत नाही, खराब आहे. फाइल दुरुस्त करून दिली गेली. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. तिथले प्रोग्रॅमर मॅक्स केलरमन यांनी चिकाटीने माग काढला. दोष त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हताच, थेट कर्नलमध्ये होता. आणि तो फक्त फाइल खराब करणारा नव्हता. ज्या फाइल वाचायचीच परवानगी आहे, त्यांच्या आतला मजकूर साधा वापरकर्ताही बदलू शकत होता. म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा घेण्याचा रस्ता मोकळा.

या दोषाचं नाव ‘डर्टी पाइप’. ७ मार्च २०२२ ला तो जाहीर झाला. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये त्याचा गैरवापर शक्य होता. दुरुस्ती आली ५.१६.११, ५.१५.२५ आणि ५.१०.१०२ मध्ये.

आता हे आकडे पुन्हा वाचा. ५.४ वापरणारा यातून सुटला, कारण त्याचा कर्नल जुना होता. ५.१०.१०१ वापरणारा धोक्यात होता आणि ५.१०.१०२ वापरणारा सुरक्षित. नवा-जुना हा फरकच नव्हता. तिसऱ्या आकड्यातल्या एका पायरीचा फरक होता.

म्हणून जुना सुटला याचा अर्थ जुना चांगला, असाही काढू नका. २०१६ मध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून कर्नलमध्ये होता. नऊ वर्षं. ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही, त्यांचं दार त्यानंतर जगासमोर उघडं होतं, कारण आता ते कसं उघडायचं हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

घरच्या मशीनवर कर्नलची देखभाल कशी करावी?

यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. काही सवयी पुरेशा आहेत.

१. अपडेटनंतर रीस्टार्ट करा. नवा कर्नल डिस्कवर येऊन बसला तरी मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालत असतो. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. आर्चमध्ये तर अपडेटसोबत चालू कर्नलचे मॉड्यूल पुसले जातात. मग रीस्टार्ट करेपर्यंत पेन ड्राइव्हसुद्धा ओळखला न जाण्याची वेळ येते.

२. निदान एक चालता जुना कर्नल राखून ठेवा. बहुतेक डिस्ट्रो हे स्वतःच करतात. फेडोरा मूळ सेटिंगनुसार तीन कर्नल ठेवतं. जागा वाचवायची म्हणून सगळे जुने कर्नल पुसू नका. तो तुमचा सुटे टायर आहे.

३. पण अडगळही होऊ देऊ नका. कर्नलच्या फाइल्स ‘बूट’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. काही मशीनवर, विशेषतः डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर, त्यासाठी वेगळा छोटा कप्पा असतो. तो भरला की पुढचं अपडेट अर्धवट अडकतं. उबंटू आणि डेबियनमध्ये ‘ऑटोरिमूव्ह’ कमांड नको असलेले कर्नल रीतसर काढते. त्या फोल्डरमधल्या फाइल्स हाताने डिलीट करू नका. फाइल जाते, पण पॅकेज मॅनेजरच्या नोंदीत ती तशीच राहते आणि घोळ वाढतो.

४. बाहेरच्या ड्रायव्हरकडे लक्ष ठेवा. एनव्हिडियाचा कंपनीने दिलेला ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल अनेकदा प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा तयार करावे लागतात. ‘डीकेएमएस’ नावाची यंत्रणा हे काम आपोआप करते. पण त्यासाठी त्या कर्नलची ‘हेडर’ पॅकेजेस लागतात आणि ड्रायव्हरला नवा कर्नल मान्य असावा लागतो. अपडेटनंतर काळी स्क्रीन दिसली तर पहिला संशय इथेच घ्या.

५. कर्नल ‘होल्ड’वर टाकला असेल तर तारीख लिहून ठेवा. एखादं अपडेट त्रास देत असेल तर ते थोपवून धरता येतं. पण लोक ते विसरतात आणि दोन वर्षं दुरुस्त्यांशिवाय राहतात. पुढची दुरुस्ती आली की होल्ड काढा.

६. बॅकअप. कॉलेजचा प्रोजेक्ट, घरच्यांचे फोटो, कामाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर असतील तर ६.१.६४ सारखा प्रसंग फक्त डोकेदुखी ठरतो. नसतील तर कायमचं नुकसान.

सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी एक वेगळी सोय आहे. ‘लाइव्ह पॅच’मुळे काही गंभीर फटी मशीन बंद न करताही बुजवता येतात. यासाठीचा पाया कर्नलमध्ये २०१५ मध्ये ४.० पासून आला. उबंटू प्रोमध्ये व्यक्तिगत वापरासाठी पाच मशीनपर्यंत ही सेवा मोफत मिळते. तरीही सगळ्याच दुरुस्त्या अशा देता येत नाहीत. रीस्टार्ट पुढे ढकलला जातो, टळत नाही.

नवा कर्नल आल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर?

घाबरू नका आणि लगेच फॉरमॅट मारायला बसू नका.

मशीन बंद करून चालू करा. सुरुवातीला ‘ग्रब’ नावाचा मेन्यू येतो. तो दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट की दाबावी लागते. उबंटूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा, तिथे आधीचा कर्नल दिसेल. तो निवडून मशीन सुरू झालं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा आहे, हे नक्की. तुमच्या फाइल्स आणि सेटिंग तशाच असतात, कारण कर्नल बदलल्याने त्या बदलत नाहीत.

मग जुन्याच कर्नलवर काम चालू ठेवा, अडचणीची नोंद डिस्ट्रोच्या तक्रार यंत्रणेत करा आणि पुढच्या अपडेटची वाट बघा. अनेकदा ते काही दिवसांतच येतं.

‘मी लिनक्स वापरतच नाही’ असं वाटतंय?

अँड्रॉइड फोन वापरत असाल तर वापरता. अँड्रॉइडचा पाया लिनक्सच्या एलटीएस कर्नलवर आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात अँड्रॉइड व्हर्जन किंवा सॉफ्टवेअरची माहिती उघडलीत तर कर्नलचा आकडा दिसेल. २०२२ मधला डर्टी पाइप गुगलच्या पिक्सेल ६ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२२ मध्येही होता, कारण त्यांच्यात ५.१० कर्नल होता.

फोनमध्ये कर्नल निवडण्याचं स्वातंत्र्य तुम्हाला नसतं. तो कंपनी ठरवते. तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात: सुरक्षा अपडेट आलं की ते घेणं आणि फोन विकत घेताना कंपनी किती वर्षं अपडेट देणार हे विचारणं. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारतो तितक्याच आवर्जून.

थोडक्यात, तुमच्यासाठी कोणता?

• जुना किंवा तीन-चार वर्षांचा लॅपटॉप, रोजचं काम: डिस्ट्रोचा नेहमीचा कर्नल.

• अगदी नवा लॅपटॉप किंवा नवं ग्राफिक्स कार्ड: उबंटूचा एचडब्ल्यूई, डेबियनचा बॅकपोर्ट्स, किंवा फेडोरासारखा ताजा कर्नल देणारा डिस्ट्रो.

• ऑफिसचा सर्व्हर, दुकानाचं बिलिंग मशीन: मूळ एलटीएस कर्नल. अपडेट आधी एका कमी महत्त्वाच्या मशीनवर, मग बाकीच्यांवर.

• आरसी किंवा स्वतः कंपाइल केलेला कर्नल: शिकायला उत्तम. पण ज्या मशीनवरचा डेटा गेला तरी चालेल, अशाच मशीनवर.

आणि कोणताही कर्नल निवडण्याआधी एकच प्रश्न विचारा: उद्या यात दोष निघाला तर त्याची दुरुस्ती माझ्यापर्यंत कोण आणणार? या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता येत असेल, मग ते डेबियन असो, कॅनॉनिकल असो की रेड हॅट, तर आकडा ५ ने सुरू होतो की ६ ने, याची चिंता सोडा. उत्तर ‘कोणीच नाही’ असं असेल, तर तो आकडा कितीही मोठा असला तरी उपयोग नाही.